मदत हवी आहे: भारतात जोडलेला आयफोन इथेच महाग का?

नमस्कार मंडळी. भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय. "मावशी, आयफोन आणू का? तिकडे स्वस्त पडतो," म्हणाला. मी चक्रावले. तमिळनाडूत जोडलेले फोन अमेरिकेत जातात आणि तिथे स्वस्त मिळतात?

मग वही-पेन घेऊन बसले. आयफोन 16 सप्टेंबर 2024 मध्ये आला तेव्हा इथे 79,900 रुपये, तिथे 799 डॉलर. डॉलर 84 रुपये धरला तर साधारण 67,100. पण आपल्या किमतीत 18 टक्के जीएसटी आधीच मिसळलेला असतो. तो काढला की उरतात 67,700. म्हणजे जवळपास सारखेच! निर्यातीच्या मालावर जीएसटीचा भार नसतो, आणि अमेरिकेत विक्रीकर बिलात वरून लावतात, न्यू जर्सीत 6.625 टक्के. इथवर कोडं सुटलं.

अडलंय ते आयफोन 16 प्रोवर, म्हणजे त्याच्याच महागड्या भावंडावर. तो तेव्हा इथे 1,19,900 होता, तिथे 999 डॉलर. जीएसटी वजा करूनही 1,01,600 राहतात, तिकडचे मात्र 84,000 सुद्धा होत नाहीत. हे मधले सतरा-अठरा हजार कशाचे? आयात शुल्काचे म्हणावे, तर जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ते 20 वरून 15 टक्क्यांवर आलं होतं. की महागडा फोन घेणारा घेतोच, म्हणून जास्त नफा?

आयात-निर्यातीत किंवा मोबाइलच्या धंद्यात कुणी असेल तर समजावा ना.

आणि हो, तिकडच्या नव्या आयफोनला सिमचा खाचाच नसतो, फक्त ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं डिजिटल सिम). तसा फोन इथे वापरणाऱ्यांना काही त्रास झाला का? भाच्याला रविवारपर्यंत कळवायचंय.