रोडॉप्सिनवर सॉलिड स्टेट एनएमआर अजून कशाला?

अंधारखोली: खडीसाखर यांनी काल लिहिलं, "2000 साली रोडॉप्सिनची स्फटिकरचना आली, 2018 मध्ये क्रायो-ईएमनं (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीनं) जी-प्रथिनासकट, म्हणजे रोडॉप्सिन ज्याला पुढे संदेश देतं त्याच्यासकट, चित्र दिलं. आता एनएमआरवर हेलियम उडवणं थांबवा." राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो. रोडॉप्सिन म्हणजे डोळ्यातलं प्रकाश टिपणारं प्रथिन. सॉलिड स्टेट एनएमआर म्हणजे हेलियमनं थंड ठेवलेल्या मोठ्या चुंबकात घन नमुना ठेवून त्यातल्या अणूंचे सिग्नल वाचणं.

सांगाडा दिसला म्हणजे काम कळलं असं होत नाही. रेटिनल (प्रकाश शोषणारा लहान रेणू) प्रथिनातल्या लायसिन 296 ला ज्या शिफ बेसनं (कार्बन-नायट्रोजन जोडणीनं) जोडलेलं असतं, तिच्यावर प्रोटॉन आहे की नाही यावर सगळा खेळ. आहे तोवर शोषण 500 नॅनोमीटरच्या आसपास. मेटा-2 मध्ये, म्हणजे प्रकाश पडल्यावरच्या सक्रिय अवस्थेत, तो सुटला की 380. स्फटिकरचनेच्या 2.8 अँगस्ट्रॉमच्या नकाशात हायड्रोजन दिसतो का? एनएमआरमध्ये त्या जोडणीतल्या नायट्रोजन-15 चा सिग्नल मात्र प्रोटॉन सुटला की शंभराहून जास्त पीपीएम (सिग्नलच्या जागेचं माप) सरकतो.

आणि स्फटिकरचनेच्या आधी, 1999 मध्येच, लायडनकडच्या मंडळींनी रेटिनलमध्ये कार्बन-13 च्या जोड्या पेरून एनएमआरनं अंतरं मोजली होती. सी-10 ते सी-20 (रेटिनलमधल्या कार्बनचे क्रमांक) 3.04 अँगस्ट्रॉम, सी-11 ते सी-20 2.93. रेटिनल प्रथिनातल्या आपल्या खिशात सपाट नाही, पिळवटून बसलंय, हे त्यातून कळलं.

मी तीन वर्षं हे काम केलंय. कत्तलखान्यातून गायीचे डोळे बर्फात यायचे, मंद लाल दिव्यात रेटिना सोलायची. एकदा कुणीतरी न विचारता दार उघडलं. गुलाबी-जांभळा नमुना डोळ्यांदेखत पिवळा पडला. आठवड्याचं काम गेलं.

खडीसाखर: दाराची गोष्ट ऐकली. तीन वर्षांत अंतरं किती मोजलीत ते सांगा. एक लेबल, एक नमुना, एक आकडा, हाच तुमचा वेग. 2023 मध्ये एक्स-रे लेसरनं प्रकाश पडल्यानंतर 1 पिकोसेकंदाचं (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाचं) रोडॉप्सिन दाखवलं, तेही खोलीच्या तापमानाला. "स्फटिक गोठवलेले असतात" हे रडगाणं आता पुरे. आमच्याकडे चुंबकाला हेलियम वेळेवर मिळायचं आणि पोरांची फेलोशिप आठ-आठ महिने रखडायची. त्या चुंबकाचं कौतुक माझ्यापुढे करू नका.

अंधारखोली: "गोठवलेले" मी म्हटलंच नव्हतं. तरी 2023 चं काम मोठं आहे, मान्य. पण तिथंही प्रथिन स्फटिकातच आहे ना? डोळ्यातल्या डिस्कच्या मेम्ब्रेनमध्ये डीएचए (एक ओमेगा-3 मेदाम्ल) ठासून भरलेलं असतं, आणि मेटा-1 (मेटा-2 च्या आधीची अवस्था) कडून मेटा-2 कडे कल किती जाईल हे त्या लिपिडवरही ठरतं. एनएमआरला प्रथिन मेम्ब्रेनमध्ये ठेवून बघता येतं. फेलोशिपचा राग चुंबकावर काढू नका.

सायली: मध्येच बोलते, माफ करा. माझ्या बाबांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे रेटिना हळूहळू निकामी होणारा आनुवंशिक आजार. दिवेलागणीला ते भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात येतात, उंबऱ्यापाशी पाय आधी चाचपून टाकतात. तपासणीत दोष रोडॉप्सिनच्या जनुकात निघाला. असा दोष 1990 पासून माहीत आहे. तुमच्या 3.04 नं त्यांना काय मिळालं?

आडगाव: ताई, 2017 मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मंजुरी मिळाली आहे. चौकशी करा.

सायली: केली. तो आरपीई65 या वेगळ्या जनुकातल्या दोषासाठी आहे. तिथं एंझाइम नसतं म्हणून 11-सिस रेटिनल (रोडॉप्सिनला लागणारं रेटिनलचं रूप) बनत नाही. चांगलं जनुक घातलं की भागतं. बाबांच्यात एक प्रत चांगली आहेच, दुसरी बिघडलेलं प्रथिन बनवते. नुसती भर घालून काय होणार? हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, दोन मिनिटांत बाहेर काढलं. रात्री जागून मीच वाचलं.

खडीसाखर: हाच माझा मुद्दा. पैसा तिकडे लावा.

अंधारखोली: सोयीचं तेवढं उचलू नका! बिघडलेलं प्रथिन नीट घडी घेत नाही. त्याला आधार देणारा रेणू शोधायचा तर तो खिसा नेमका कसा आहे हे कळायला नको? खोरानांच्या प्रयोगशाळेनं 1986 मध्ये ऑप्सिनचं (रेटिनल सोडून रोडॉप्सिनचं उरलेलं प्रथिन) जनुक कृत्रिमरीत्या बांधलं, तेव्हाही रुग्णाला लगेच काही मिळालं नव्हतं. पुढे बदललेलं ऑप्सिन पेशींत बनवून तपासता आलं, ते अशाच कामामुळे. पण सायलीताई, तुमच्या बाबांना आज द्यायला माझ्याकडे काही नाही. हे पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं.

सायली: बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. नमुना पिवळा पडला तिथं त्यांनी थांबवलं, परत वाचायला लावलं. विचारतायत, तो रंग परत येतो का?

खडीसाखर: येतो. ताजं 11-सिस रेटिनल घालून अंधारात ठेवायचं. एवढं मीही केलंय.