मामा आहे, आजी आहे, मग पोर बालगृहात का?

गोदाकाठी
आधीच सांगतो, माझं मत ठाम आहे. आजी, मामा, चुलता, एक जरी धड माणूस असेल तर त्या मुलाने बालगृहात राहू नये. २०१५चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपायच मानतो. नाशकातल्या एका बालगृहात मी रविवारी गणित शिकवायला जातो. तिथली बहुतेक मुलं अनाथ नाहीतच. कुणाचा बाप गेला आणि आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत, कुणाची आई अंबडला कंपनीत पाळीवर. दिवाळीला घरी जातात, पिशवीत चकल्या घेऊन परत येतात. घर आहे की मग! गरिबी हा काही पोराला आईपासून तोडण्याचा गुन्हा नव्हे.

घाटावरचा मास्तर
घर आहे म्हणून पाठवायचं? २०२२ विसरलात वाटतं. इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे राबताना सापडली, एक पोरगी जिवानिशी गेली. त्यांना कुणी पळवून नेलं नव्हतं. चार पैशांसाठी घरच्यांनीच धाडली होती. मी सुरगाण्याकडे शिकवतो. आठवीतली मुलगी 'मामाकडे गेली' असं कळलं की मी पहिलं विचारतो, लग्न कधी आहे?

गोदाकाठी
मास्तर, तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. त्या घरात वेळेवर पैसे गेले असते तर? राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,०००. संस्थेला डोक्यामागे अनुदान देता ना, तेच आईच्या हातात द्या. पण मग संस्थांची पटसंख्या कशी टिकायची!

घाटावरचा मास्तर
सगळ्या संस्था चोर आणि सगळे मामा देव, असं आहे का?

काळा कोट
एक संदर्भ देतो. करोनात हा प्रयोग देशभर होऊन गेलाय. टाळेबंदी लागली तेव्हा संस्थांत सुमारे २ लाख २७ हजार मुलं होती, त्यांतली १ लाख ४५ हजारांवर घरी पाठवली गेली. घरं सुधारली म्हणून नाही, साथ आली म्हणून. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की या मुलांच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये द्या. आधी पोर पोचलं, मग पैशांचा विचार. आपल्याकडे क्रम कायम असाच.

सिडकोची मावशी
मी मामा नाही, मावशी आहे, चालेल ना? बहीण गेल्यावर भाची आधी बालगृहात होती, नंतर बालकल्याण समितीने माझ्याकडे दिली. गोदाकाठी, तुमचे ते २,२५० सहा-आठ महिने येतच नाहीत, मग एकदम जमा होतात. शाळेची रिक्षा तोवर उधार चालत नाही. अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आणि दर वेळी एक कागद कमीच. तरी सांगते, पोर घरीच बरी. सुरुवातीला जेवायची वेळ झाली की ताट घेऊन ओट्यापाशी उभी राहायची. रांगेत. रांगेत एकटीच. आता भाजी आवडली नाही तर ताट सरकवून जाते, आणि मी ओरडते.

निवृत्त_कर्मचारी
या खात्यात आयुष्य काढलं म्हणून लिहितो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, गृहचौकशी अहवाल पाहून आदेश देतात. आदेशापर्यंत बरं चालतं. खरी बोंब त्यानंतर. पाठपुरावा म्हणजे फोन. फोन मामाचा, मामा शेजारीच. "बरी आहेस ना बाळा?" "हो सर." अहवालात लिहायचं: बालिका समाधानी. एकेका कार्यकर्त्याकडे मालेगावपासून पेठपर्यंतची प्रकरणं असतात, तो तरी किती घरं गाठणार?

घाटावरचा मास्तर
आता मुद्द्यावर आलात. माझी मागणी साधी आहे. पाठवायचं तर मे महिन्यात पाठवा, सहामाहीच्या मध्यात नको. मुलाला मामासमोर विचारू नका. आणि बालगृहातली जागा वर्षभर राखून ठेवा, नाही जमलं तर परत येता आलं पाहिजे.

गोदाकाठी
पहिल्या दोन्ही मान्य. तिसरी अजिबात नाही. जागा राखून ठेवलीत तर पहिलं भांडण झालं की मामा पिशवी भरणार. पोरालाही ते कळतं, तेही अर्धं दारातच राहतं.

घाटावरचा मास्तर
आणि जागा नसली तर ते पोर नाशिकरोड स्टेशनवर सापडतं. १०९८ या चाइल्डलाइनला फोन, पुन्हा समिती, पुन्हा तुमचा रविवारचा वर्ग.

सिडकोची मावशी
तुमचं चालू द्या. भाचीचं नाव माझ्या रेशनकार्डात अजून चढलेलं नाही, बहिणीच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणा म्हणतात आणि ते कार्ड तिच्या सासरच्यांकडे आहे, ते दारात उभं करत नाहीत. समितीचा आदेश दाखवून काम होतं का? निवृत्त साहेब, माहीत असेल तर सांगा, सोमवारी रजा टाकली आहे.