घरी लेकरांना गणित कसं शिकवता? विदर्भातल्या खेड्यांतले अनुभव

पोरगं शंभरपर्यंत धडाधडा म्हणून दाखवते, पण वाटीतले सात शेंगदाणे दे म्हटलं की मूठभर उचलते. पहिली-दुसरीच्या लेकरांना घरी मोजणं, बेरीज-वजाबाकी शिकवली असेल, तर नेमकं काय केलं ते लिहा. जमेल त्या बोलीत.

दर्यापूरकडून, एक आई
तूर निघाल्यावर तुराट्या पडूनच असतात. बोटभर तुकडे केले, टोकं दगडावर घासली, नाहीतर हातात रुततात. दहाची एक जुडी, वर रबर. ३२ मांड म्हटलं की तीन जुड्या अन् दोन सुट्या. खरी गंमत वजाबाकीत. ३२ मधून १५ काढायचे, सुट्या तर दोनच. लेक जरा वेळ नुसती पाहत बसली, मग एका जुडीचं रबर काढलं. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या पाच दिल्या, सात उरल्या. एक जुडी दिली, एक उरली. सतरा. पाटीवर दशक मोडायला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

वाशीम जिल्ह्यातून, आजी (नातीनं लिहून घेतलं)
मी काई शाळा शिकली नाई बाप्पा. आमचा खेळ अष्टाचंग. चिंचोके फोडून चार फोडी करायच्या, फरशीवर खडूनं पंचवीस घरं. पांढरी बाजू जेवढ्याची वर, तेवढे घरं चालायचं. चारही पालथ्या पडल्या तं आठ. नातू सोंगटी हाये तेच घर 'एक' म्हणून मोजे. तिथंच टोकावं लागते, म्होरल्या घरापासून मोज म्हणून.

आर्वीजवळून, शिक्षिका
एकोणतीस म्हटलं की मुलं ३९ लिहितात, कानात 'तीस' राहतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना किती बोलले लोक. मी घरी आधी 'वीस नऊ' म्हणवून घेते, लिहून झालं की 'एकोणतीस'. भांडण कशाला?

राळेगावकडून, शेतकरी
काड्या-चिंचोके ठीक, पण पाढे सोडू नका. आमच्या बुढ्याले पावकी-निमकी, म्हंजे पाव अन् अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ होती. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कापूस मोजताना पोट्टा बाजूले उभा राहते. वेचायची मजुरी दहा रुपये किलोनं ३७ किलोची किती, मोबाइल काढेपर्यंत तो सांगून मोकळा.

दर्यापूर
भाऊ, तुमचा पोट्टा कितवीत? माझी पहिलीत हाय. तिले आताच बे चोक आठ घोकवू का?

राळेगाव
चौथीत. पहिलीत नका घोकवू, वावरात न्या. फुलीवर, म्हंजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळी सरळ येतील अशी लावलेली पऱ्हाटी (कपाशी) असंल तं चार तास, म्हंजे ओळी, दाखवा, तासात सहा-सहा झाडं. उभे मोजले तरी चोवीस, आडवे मोजले तरी चोवीस. पाढा मंग म्हणते ते आपोआप. मोजताना बोंडं तोडू देऊ नका फक्त.