मदत हवी आहे: टोकियोत तीच दोन स्टेशनं, जाताना २०९ येन, येताना ३१७. असं का?

नमस्कार मंडळी. टोकियोत राहणारं कोणी इथे असेल तर जरा डोकं लावा, माझं थकलं.

दोन महिन्यांपूर्वी ठाण्याहून इथे आले. घर निशी-कासाईला (इथल्या देशी मंडळींना पत्ता सांगायला नको!), ऑफिस शिम्बाशीला. इतके दिवस घरूनच काम होतं, सोमवारपासून जाणं-येणं सुरू झालं. कार्ड पास्मोचं (आधी पैसे भरायचे, गेटवर टेकवलं की कापले जातात).

सकाळी कार्डात बरोब्बर २००० येन होते. शिम्बाशीला बाहेर पडताना गेटच्या पडद्यावर १७९१ दिसले, म्हणजे २०९ गेले. संध्याकाळी निशी-कासाईला उतरले तर १४७४. म्हणजे ३१७! मधे काही घेतलं नाही, मशीनमधला चहासुद्धा नाही (तोही याच कार्डावर मिळतो, म्हणून सांगून ठेवते).

दोन्ही वेळा निहोनबाशीलाच गाडी बदलली. सकाळी बदलताना कार्ड पर्समधून काढावंच लागलं नव्हतं. संध्याकाळी मधेच एक गेट आलं, लोक टेकवत होते, मीही टेकवलं.

गर्दीच्या वेळी जास्त कापतात का? की पास्मोऐवजी सुईका (तसंच दुसरं कार्ड) घ्यायला हवं होतं? आपल्याकडे ठाण्याहून अंधेरीला जाताना दादरला पूल ओलांडला की सेंट्रलची वेस्टर्न होते, पण तिकीट एकच. इथे काय भानगड आहे? पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, त्याआधी कळलं तर बरं.

तोझाईचा प्रवासी:
ताई, कार्ड ठीक आहे. गर्दीचा संबंध नाही, सुईकाचाही नाही. २००७ पासून दोन्ही कार्डं एकमेकांच्या गेटवर चालतात आणि भाडं तेच लागतं.

गंमत शिम्बाशीत आहे. त्या एका नावाखाली चार वेगळ्या मालकांची स्टेशनं आहेत: जेआर (जपानची मोठी रेल्वे), टोकियो मेट्रो, तोएई आणि युरिकामोमे (विनाचालक गाडी). सकाळी तुम्ही निशी-कासाईहून तोझाई लाइनने निघून निहोनबाशीला गिंझा लाइन धरलीत. दोन्ही मेट्रोच्या, म्हणून मधे गेट नाही आणि सगळं अंतर एकत्र मोजून २०९. संध्याकाळी बहुतेक समोर दिसलेल्या असाकुसा लाइनच्या गेटमधून आत शिरलात. ती तोएईची, म्हणजे टोकियो महानगर सरकारची. शिम्बाशी ते निहोनबाशी तोएईचं किमान भाडं १७८. तिथून पुढे मेट्रोचं मीटर शून्यापासून सुरू, निशी-कासाईपर्यंत २०९. बेरीज ३८७. मेट्रो आणि तोएई जोडून प्रवास केला की ७० येन सवलत मिळते, ती वजा जाता ३१७. तुमचा हिशेब येनपर्यंत जुळतो.

कागदी तिकिटं काढली असतीत तर १८० अधिक २१० वजा ७०, म्हणजे ३२०. तिकिटं दहाच्या पटीत असतात. कार्डावर एकेका येनचा हिशेब २०१४ मध्ये विक्रीकर ५ वरून ८ टक्के झाला तेव्हापासून.

ओळखायची खूण: हिरवं जिन्कोचं (पंख्यासारखं) पान दिसलं की तोएई. तिच्या फक्त चार लाइन, मेट्रोच्या नऊ. मेट्रोच्या मेट्रोत कितीही वेळा लाइन बदला, जोवर गेटबाहेर पडत नाही तोवर जवळच्या रस्त्याचंच भाडं.

मुलुंडकर:
दादरचं उदाहरण चुकलं. सेंट्रल आणि वेस्टर्न शेवटी एकाच रेल्वेच्या. घाटकोपर म्हणा! लोकलमधून उतरून मेट्रोत शिरलं की तिथेही नवं तिकीट. टोकियोत निदान ७० येन तरी परत मिळतात :)

तोझाईचा प्रवासी:
@मुलुंडकर, हे बरोबर. पण ती सवलत फक्त मेट्रो-तोएई जोडीला. ताईंनी तोझाईवरच्या ओतेमाचीला उतरून चालत टोकियो स्टेशन गाठलं आणि तिथून जेआरने शिम्बाशीला गेल्या, तर दोन्ही भाडी पूर्ण.

आणि ऑफिस पास काढून देणार असेल तर निशी-कासाई–शिम्बाशी, निहोनबाशीहून गिंझा लाइन असा मार्ग नीट लिहून घ्या. पास त्या मार्गापुरताच. त्यावर असाकुसाने आलात तर वेगळे पैसे कापले जाणार.

आई-बाबांसाठी पर्यटकांचं टोकियो सबवे तिकीट बघा, २४, ४८ किंवा ७२ तासांचं. मेट्रो आणि तोएई दोन्हींवर चालतं, त्यामुळे कुठल्या गेटातून शिरले याची चिंता नाही. पासपोर्ट जवळ ठेवा. जेआरवर मात्र नाही चालत, म्हणजे यामानोते लाइनचं (ती जेआरची) वेगळं.

धागाकर्ती:
बापरे, येनपर्यंत जुळलं! आज संध्याकाळी मुद्दाम बघितलं. आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून खाली आलं की पहिलं गेट तेच, हिरव्या पानाचं. गिंझा लाइनला जायला तीन-चार मिनिटं आणखी चालावं लागतं. १०८ येनसाठी चालेन. पण बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना इथे ऑफिस दाखवायला आणलं तर असाकुसानेच नेईन. आता पुढचा प्रश्न: त्या तिकिटाचे ७२ तास पहिल्यांदा वापरल्यापासून मोजतात की तारखेप्रमाणे?

तोझाईचा प्रवासी:
पहिल्यांदा वापरल्यापासून. दुपारी दोनला सुरू केलंत तर चौथ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत.