एच-१बी : कंत्राटी प्रकल्प मध्येच संपल्यास काय?

प्रश्न : अमेरिकेत एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या व्हिसावर कंत्राटी काम करणाऱ्याचा ग्राहक कंपनीतील प्रकल्प मध्येच संपला, तर त्याचा मुक्काम लगेच बेकायदा ठरतो का?

उत्तर १ : नाही. व्हिसासाठी अर्ज करणारी कंपनीच नियोक्ता असल्यामुळे, नवे काम मिळेपर्यंत ‘बेंच’वर (कामाविना) बसवलेल्या कर्मचाऱ्यालाही ठरलेले वेतन देणे तिला बंधनकारक आहे, नोकरी जाण्याच्या भीतीने हा हक्क मागितलाच जात नाही, ही खरी अडचण.

उत्तर २ : नोकरीच गेल्यास २०१७ पासूनच्या नियमानुसार अमेरिकेत राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळू शकते, आय-९४ची (मुक्कामाची मुदत दाखवणाऱ्या प्रवेश-नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढीच. या काळात नव्या कंपनीने रीतसर अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न पाहता तिथे रुजू होता येते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वेतनचिठ्ठ्या आजपासूनच जपून ठेवतो.