मदत हवी आहे: निरोगी माणसाचे जिवाणू आतड्यात सोडण्याचा उपचार

नमस्कार मंडळी. न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक घेतल्यापासून आईचं पोट बिघडलं ते बिघडलंच. तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाब करणारा जिवाणू निघाला. त्यावरच्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स संपला की दहा-बारा दिवसांत जुलाब पुन्हा सुरू, असं तीनदा झालं. रात्री संडासाच्या दारापाशी खुर्ची टाकून बसते बिचारी.

आता डॉक्टर म्हणतात, निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू कोलोनोस्कोपीतून (गुदद्वारातून घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीतून) आतड्यात सोडू. आई आधी हसली, मग 'शी!' म्हणाली. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा जिवाणूंच्या कॅप्सूललाही मंजुरी मिळाली आहे (रोज ४, सलग ३ दिवस), म्हणजे प्रकार अगदीच अघोरी नसावा.

कुणी घरच्यांसाठी हे केलंय का? दात्याच्या कोणत्या तपासण्यांचे रिपोर्ट मागून घ्यावेत? नंतर अँटिबायोटिक लागलंच तर काय करता?