यू-बूट बोलला, कर्नल गप्प. मग केबल कशाला बदलता?

दादरकर: फायनल इयरच्या प्रोजेक्टचे दिवस आले की तीच तक्रार. लिनक्सच्या बोर्डला सिरीयल केबल लावली, यू-बूटच्या (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरू करून देणारा प्रोग्राम) ओळी झरझर आल्या, 'स्टार्टिंग कर्नल' दिसलं आणि पुढे ठार शांतता. यावर सीनियर मंडळींचा सल्ला ठरलेला: लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, दुसरा यूएसबी-टीटीएल (बोर्डाची सिरीयल लॅपटॉपला जोडणारा अडॅप्टर) आण. मला हा सल्ला साफ अमान्य आहे. ज्या तारेतून यू-बूट बोलला, त्याच तारेतून कर्नल बोलणार ना? बोर्डाचा टीएक्स (पाठवणारी तार) चुकीच्या पिनेवर असता किंवा ग्राउंड सुटला असता, तर यू-बूटही धड दिसला नसता. आधी बूटआर्ग्ज, म्हणजे यू-बूट कर्नलला देतो ती सूचनांची ओळ, उघडा. कन्सोल= (मेसेज कुठे छापायचे) पुढे टीटीवायएस० हे पोर्टचं नाव लिहिलेलं असतं आणि त्या चिपचा ड्रायव्हर पोर्टला टीटीवायएएमए० म्हणत असतो. नाहीतर ८२५० हा सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर मॉड्यूल करून, म्हणजे कर्नलबाहेर वेगळा, ठेवलेला असतो. तसा ठेवला की त्याच्या कन्सोलचा पर्याय निवडताच येत नाही.

ग्रँटरोड_सोल्डर: अर्धंच बरोबर, साहेब. तार शाबूत आहे, मान्य. बॉड रेटचं, म्हणजे सिरीयलच्या वेगाचं, काय? यू-बूट आपल्या हिशेबानं डिव्हायझर (क्लॉकला भागून वेग ठरवणारा आकडा) लावतो, कर्नल डिव्हाइस ट्रीतला (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनातला) क्लॉक वाचून नव्यानं लावतो. खरा क्लॉक २४ मेगाहर्ट्झ आणि ट्रीत ४८ लिहिलेला असेल, तर ११५२०० चे ५७६०० च्या आसपास होतात. केबल तीच, पण स्क्रीनवर कचरा. म्हणून पहिला प्रश्न हा, की शांतता आहे की कचरा? आणि लॅमिंग्टन रोडला नावं ठेवू नका. ३.३ व्होल्टच्या पिनेवर ५ व्होल्टचा अडॅप्टर लावून पोरं बोर्डाचा आरएक्स (घेणारी पिन) जाळतात. मग बोर्डाचं सगळं दिसतं, आपण टाइप केलेलं मात्र पोचत नाही.

दादरकर: कचऱ्याचा मुद्दा घेतला, पण मी शांततेबद्दल बोलतोय. आणि टाइप केलेलं पोचत नाही म्हणून बोर्ड जळाला असं लगेच म्हणू नका. मिनिकॉम या सिरीयल टर्मिनलमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जादा तारांवरून परवानगी आल्याशिवाय न पाठवणं) चालू राहिला तरी हेच होतं.

बोरिवली_फास्ट: अजून सिरीयलच? ११५२०० वर सेकंदाला जेमतेम ११५२० अक्षरं जातात. मेसेज भरपूर असले की बूटच रेंगाळतं. नेटकन्सोल लावा, मेसेज नेटवर्कवरून घ्या आणि मोकळे व्हा.

आरती_घाटकोपर: नेटवर्कचा ड्रायव्हर उठेपर्यंत नेटकन्सोल मुकाच असतो हो. इथे पहिली ओळसुद्धा आलेली नाही!

दादरकर, तुम्ही आणि सोल्डर दोघंही धरून चाललात की कर्नल जिवंत आहे. कशावरून? कर्नलची इमेज आणि डीटीबी (डिव्हाइस ट्रीची फाइल) रॅममध्ये एकमेकांवर लोड झाले असतील तर तो पहिल्या पावलालाच मेला असेल, आणि तुम्ही बूटआर्ग्ज घासत बसाल. पिंग करून बघा, हार्टबीटचा एलईडी लुकलुकतोय का बघा. मग अर्लीकॉन, म्हणजे खऱ्या ड्रायव्हरआधी चालणारा तात्पुरता कन्सोल, टाका. त्यानं काही ओळी आल्या आणि 'बूटकन्सोल डिसेबल्ड' म्हणून थांबल्या, तर कर्नल ठीक आहे, सिरीयलचा खरा कन्सोल नोंदला गेलेला नाही. 'कीप बूटकॉन' दिलं की पुढचंही दिसतं. अर्लीकॉननंही काहीच आलं नाही, तर वीज न तोडता रीसेट करा आणि यू-बूटमधूनच कर्नलचा लॉग बफर (रॅममधली मेसेज साठवायची जागा) वाचा. पत्ता सिस्टिम मॅप या कर्नलच्या बिल्डमधल्या फाइलीत मिळतो. तो व्हर्च्युअल असतो, फिजिकल करून घ्यावा लागतो. अनेक बोर्डांवर रॅममधला मजकूर टिकतो.

दादरकर: ताई, लॉग बफरचा उपाय चांगला आहे. तरी माझा क्रम तोच: आधी बूटआर्ग्ज. दोन मिनिटांचं काम आहे.

आरती_घाटकोपर: अर्लीकॉनही बूटआर्ग्जमध्येच लिहायचा असतो. उघडलेच आहेत तर तोही टाका की.

नवा_विद्यार्थी: माझ्याकडे कर्नलच्या सगळ्या ओळी येतात, फक्त लॉगिन येत नाही. कन्सोल= दोनदा लिहिलंय, आधी सिरीयल, मग टीटीवाय० (स्क्रीन).

ग्रँटरोड_सोल्डर: मेसेज दोन्हीकडे जातात, पण डेव्ह-कन्सोल, म्हणजे मुख्य कन्सोल, होतो तो शेवटचा. सिरीयल शेवटी लिही. तरीही नाही आलं तर त्या पोर्टवर गेट्टी (लॉगिन दाखवणारा प्रोग्राम) चालू आहे का ते बघ.